घोड्यांची संख्या: शून्य

जर्मनीत वोल्फ्सबुर्गपासून बसने पंचवीस मिनिटांवरच्या एका गावात, एका वयस्कर बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर मी राहते. अंगणात त्यांचा घोडे न्यायचा ट्रेलर उभा असतो. ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे जोडायची, स्वतःचं इंजिन नसलेली गाडी. याच्या मागच्या अर्ध्या भागात दोन घोडे उभे राहतात आणि पुढच्या अर्ध्या भागात तीन माणसं झोपू शकतात. तिथे पलंग आहे, दोन शेगड्या आहेत, बेसिन आहे, आणि एक कपाट आहे, इतकं अरुंद की हँगर तिरका लावावा लागतो. मधल्या भिंतीला छोटी खिडकी आहे, पलंगावर पडल्या पडल्या घोडा दिसावा म्हणून. बाई वीस वर्षं या ट्रेलरमधून आपल्या घोड्याला घेऊन हिंडल्या. मागच्या हिवाळ्यात घोडा म्हातारपणाने गेला. ट्रेलर राहिला.

त्यांची मुलगी म्युनिकला असते. तिने फोनवर सांगितलं की आता ट्रेलर विकून टाक. फोन स्पीकरवर होता आणि मी त्याच टेबलावर सूप पीत होते. बाई काहीच बोलेनात. मला अशी शांतता सहन होत नाही, म्हणून मी म्हणून गेले, "भाड्याने दिला तर?" खरं सांगायचं तर मी काही विचार केलेला नव्हता. पण मुलीने तो केला. ती म्हणाली, "बरं, ठीक आहे. एक उन्हाळा. पण आई, तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तुला धावपळ जमणार नाही. एक जरी तक्रार आली तरी विकायचा. कबूल?"

बाई म्हणाल्या, "कबूल." आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात मला सगळा उन्हाळा दिसला.

त्यांचा माझ्यावर विश्वास बसण्याचं कारण माझीच चूक आहे. खोली बघायला आले होते तेव्हा भिंतीवर घोड्याचे फोटो होते. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं होतं की आमच्या भागात घोड्यांचा मोठा बाजार भरतो. ते खरंच आहे. पण मी त्या बाजारात जायचे ती जिलबी खायला. घोड्याच्या सर्वांत जवळ मी गेले ते मामाच्या वरातीत, आणि तेव्हाही घोड्याने माझा गजरा खाल्ला. हे मी बाईंना सांगितलं नाही. त्यांनी मुलीला सांगून टाकलं होतं की आपली भाडेकरू घोड्यांच्या मुलखातली आहे.

घोडे येत नसले तरी मला फॉर्म येतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आई घरी शिवणकाम करते. दहावीनंतरचा प्रत्येक अर्ज मी स्वतः भरला. प्रवेशाचा, वसतिगृहाचा, शिष्यवृत्तीचा, व्हिसाचा. तपासून बघायला घरात कोणी नव्हतं, म्हणून मी एकेक रकाना तीनदा वाचायची आणि त्यात अगदी खरं तेच लिहायची. एका रकान्यासाठी सगळा अर्ज परत येतो ही भीती माझ्या अंगात मुरलेली आहे. त्यामुळे ट्रेलर देताना-घेताना भरायचा प्रोटोकोल, म्हणजे तपासणीचा फॉर्म, मी चार पानांचा केला. टायर, दिवे, गॅस, मधली आडवी दांडी, रॅम्प, म्हणजे घोडा चढतो ती मागची उतरती फळी. पहिल्याच पानावर एक रकाना होता, 'घोड्यांची संख्या'. शेवटच्या पानावर दुसरा होता, 'तक्रारी'. तो रकाना मी मुद्दाम लहान ठेवला होता.

बाईंची अट एकच. "ट्रेलर फक्त घोडेवाल्यांना. रिकामा फिरवायला नाही." मी ती वहीत लिहून घेतली होती.

मे महिना चांगला गेला. तीन गिऱ्हाइकं आली, तीन वेळा तक्रारींचा रकाना कोरा परत आला. मी वडिलांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तिकडे घोडं गाडीत बसून जातं."

"हो."

"आणि माणूस त्याच्यासाठी गाडी भाड्याने घेतो."

"हो बाबा."

"बरं आहे घोड्याचं," ते म्हणाले. आणि जेवलीस का विचारलं.

जूनमध्ये दादांचा फोन आला. दादा म्हणजे पुण्याचे, गाड्यांच्या कारखान्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेले एक गृहस्थ. मी नवीन आले तेव्हा गणपतीत ओळख झाली आणि त्यांनी मला चक्क घरचा फ्रिज उघडून जेवण डब्यात भरून दिलं होतं. अशा माणसाला नाही म्हणायचं कसं हे मला अजून कळलेलं नाही.

"अगं, आई आलीये तीन महिन्यांसाठी. महिनाभर नुसता पाऊस बघतीये बिचारी. आता चार दिवस ऊन सांगितलंय, तर तिला तलावाकाठी न्यावं म्हणतो. कॅम्पर सगळे बुक. तुझ्याकडे तो आहे ना, किचनवाला?"

"दादा, तो घोड्यांचा आहे."

"मग? मागे सायकली ठेवू. माझ्याकडे ट्रेलर ओढायचं लायसन्स आहे, हुक आहे. दोन वर्षं नुसता हुक घेऊन फिरतोय, त्याला लावायला काही नाही."

"पण नियम आहे की घोडेवाल्यांनाच..."

"अगं आपणच आहोत ना. आईला बरं वाटेल."

मी हो म्हटलं. मग फॉर्म भरायला बसले आणि 'घोड्यांची संख्या' या रकान्यापाशी थांबले. एक लिहिलं तर खोटं. कोरा ठेवला तर अपूर्ण. शेवटी मी '०' लिहिलं, चांगलं गोल, आणि फॉर्म बाईंच्या टेबलावर सर्वांत वर ठेवला. त्या वाचतील, विचारतील, आणि मग नाही म्हणायचं काम त्या करतील असा माझा हिशेब होता. बाईंनी फॉर्म वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. एवढंच.

ट्रेलर न्यायला दादा, वहिनी आणि काकू आल्या. काकू म्हणजे दादांची आई. त्यांनी पुढची खोली बघितली, शेगडी पेटवून बघितली, मग मागे गेल्या. मी रॅम्प खाली सोडून दाखवत होते. काकू त्या फळीकडे बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी आकाशाकडे बघितलं.

"दक्षिण कुठे गं?" त्यांनी विचारलं.

मी दाखवली. मला वाटलं, झोपताना डोकं कुठे करायचं म्हणून विचारत असतील.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, ट्रेलर परत आला. दादा खुशीत होते, फक्त सारखे शिंकत होते. काकूंनी मला एक पिशवी दिली. त्यात साबुदाण्याच्या पापड्या होत्या आणि वेगळ्या पुडीत सांडग्या मिरच्या. "तिथल्या उन्हात केल्यात," त्या म्हणाल्या. "यांच्या बाल्कनीत काही घालायची सोय नाही. शेजारचा माणूस घरमालकाला चिठ्ठी लिहितो." मी वाकून नमस्कार केला आणि पिशवी वर ठेवून आले. कुठल्या उन्हात, कशावर, हे मला विचारायला हवं होतं.

ट्रेलरच्या राहायच्या खोलीत हिंगाची फोडणी भरून राहिली होती. मी दोन दिवस दारं-खिडक्या उघड्या टाकल्या, भिंती व्हिनेगरने पुसल्या, पडदे धुतले. मागचा भाग मात्र नुसता झाडला. रॅम्प धुतला नाही. कारण फॉर्ममध्ये स्वच्छ लिहिलं होतं की घोडे शून्य. घोडा चढलाच नाही तर रॅम्प कशासाठी धुवायचा? हे मी तेव्हा अगदी बरोबर समजत होते.

शनिवारी सकाळी साडेसातला एक दंतवैद्य बाई आपली घोडी घेऊन आल्या. घोडी गावातल्याच तबेल्यात असते, चालतच आणली; मोटार त्यांनी आदल्या संध्याकाळीच आमच्या अंगणात लावून ठेवली होती. दोन तासांवरच्या गावात त्यांची दुपारी स्पर्धा होती, अडथळ्यांवरून उड्या मारायची. फोनवर त्यांनी आधीच सांगितलं होतं की घोडी ट्रेलरमध्ये चढायला फार त्रास देते, कधी कधी पाऊण तास लागतो, म्हणून लवकर येते. आमच्या बाई स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉफी घेऊन बसल्या होत्या. गुडघ्यामुळे त्यांना अंगणात उतरता येत नव्हतं, पण खिडकी उघडी होती.

मी रॅम्प सोडला. घोडीने मान खाली घातली, फळी हुंगली, आणि आपण होऊन पुढचे दोन पाय वर ठेवले.

"हे तिने कधीच केलेलं नाही," दंतवैद्य बाई हळूच म्हणाल्या, जशी काही मोठ्याने बोललं तर घोडीच्या लक्षात येईल.

मग घोडी थांबली. आणि फळी चाटायला लागली. घोडा घसरू नये म्हणून तिच्यावर रबराच्या खाचा असतात ना, त्या एकेक करून, डावीकडून उजवीकडे. पाच मिनिटं झाली. दहा झाली. दंतवैद्य बाईंनी दोर ओढला. घोडीने एक कान मागे केला आणि चाटणं चालू ठेवलं. पुढे जाईना, मागे येईना.

दंतवैद्य बाई खाली वाकल्या. खाचेत बोट घातलं. बोटाला पांढरं, चिकट काहीतरी लागलं.

"हे काय आहे?"

मला ते बघताक्षणी कळलं. पिशवी, ऊन, उन्हासाठी विचारलेली दक्षिण, सगळं एका ओळीत उभं राहिलं. मी म्हणाले, "बहुतेक खायचं काहीतरी आहे. भारतीय."

त्यांचा चेहरा बदलला. "मसालेदार? मिरची आहे त्यात?"

मी म्हटलं, मला ठाऊक नाही. तेव्हा त्यांनी मला समजावून सांगितलं की स्पर्धेत घोड्याची तपासणी होते, आणि मिरचीतला तिखटपणाचा जो अंश असतो तो घोड्याच्या शरीरात सापडला तर बाद करतात. काही लोक घोड्याच्या पायाला तो चोळतात, म्हणून बंदी आहे. "मला नक्की कळायला हवं," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी तिला इथूनच परत नेते. आणि मला ते लिहावं लागेल."

लिहावं लागेल. त्या लहानशा रकान्यात. मी खिडकीकडे बघितलं. बाईंनी कप खाली ठेवला होता.

मनात आलं होतं, हे मी लपवणार नाही, की 'नाही, मिरची नाही' म्हणून मोकळं व्हावं. पण वर माझ्या खोलीत सांडग्या मिरच्यांची पुडी होती. त्याच हातांची, त्याच उन्हातली. मी म्हटलं, "एक मिनिट, मी बनवणाऱ्यांना विचारते," आणि काकूंना फोन लावला.

"काकू, मी बोलतेय. तुम्ही ट्रेलरच्या मागच्या फळीवर काही वाळत घातलं होतं का?"

"पापड्या. दिल्या ना तुला. तळल्यास का?"

"नाही अजून. काकू, त्यात काय काय असतं?"

"आत्ता शिकायच्यात? शनिवारी सकाळी? बरं, वही घे."

"काकू, इथे एक घोडी फळी चाटतीये."



"मीठ असणार," काकू म्हणाल्या. "साडीतून खाली पाझरलं असेल. मी म्हणत होते याला, प्लॅस्टिकचा कागद आण. म्हणे, आई, इथे असं काही मिळत नाही. मग घातली माझी सुती साडी. चांगली धुतलेली होती हो."

"फक्त मीठ? मिरची नव्हती ना?"

"उपासाच्या पापड्यांत मिरची? मला उपास कळत नाहीत का?"

"नाही, तसं नाही काकू. पण सांडग्या मिरच्यासुद्धा केल्यात ना तुम्ही. त्या कुठे वाळवल्या?"

"त्या होय. त्या याच्या मोटारीत. पुढच्या काचेखाली. बंद गाडीत काय तापतं गं ते. दोन दिवसांत कडकडीत."

मागून दादांचा आवाज आला, "आई, अजून गाडीत बसलं की शिंका येतात."

"येऊ देत. डोकं मोकळं होतं," काकूंनी त्यांना सांगितलं आणि पुन्हा माझ्याशी बोलायला लागल्या. "काय झालं काय? घोडीला बाधलं का?"

"बाधलं नाही. पण आज तिची परीक्षा आहे, आणि मिरची चालत नाही. एकही मिरची फळीवर नव्हती हे तुम्ही नक्की सांगू शकता का?"

"हे बघ," काकू म्हणाल्या, आणि आवाज असा केला की मी सरळ उभी राहिले. "चाळीस वर्षं वाळवणं घालतीये मी. मसाल्याची मिरची आणि पापडी शेजारी घातली तर पापडीला रंग चढतो. तुझ्याकडच्या पापड्या उजेडात धर. एक जरी लालसर निघाली तर माझं नाव बदल. आणि घोडीला म्हणावं, खुशाल खा. उपासाचं आहे."

मी धावत वर जाऊन पिशवी आणली. दंतवैद्य बाईंना काकूंचं सगळं बोलणं सांगितलं, उपासाचं सोडून. त्यांनी एक पापडी घेऊन सूर्यासमोर धरली. मग दुसरी. अशा आठ-दहा धरल्या, एक्स-रे बघतात तशा. सगळ्या पांढऱ्या होत्या, मधूनमधून जिऱ्याचा दाणा. मग त्यांनी एक पापडी तोंडात घातली.

"दात सांभाळा," मी म्हणाले. "तळलेली नाहीये." दंतवैद्याला हे सांगायला नको होतं, हे नंतर लक्षात आलं.

त्या थोडा वेळ चघळत राहिल्या. "मीठ," त्या म्हणाल्या. "मीठ आणि जिरं." त्यांनी त्यांच्या पशुवैद्याला फोन केला. मीठ आणि जिऱ्याला त्याची काहीच हरकत नव्हती. मिरच्या दुसऱ्या गाडीत का होत्या, याचं मात्र त्याला सविस्तर कारण हवं होतं.

आता उरली घोडी. साडेआठ वाजत आले होते आणि ती रॅम्पच्या खालच्या एक तृतीयांश भागातच होती. त्या वेगाने वर पोचायला तिला दुपार झाली असती. दंतवैद्य बाई म्हणाल्या, फळी धुऊन टाका. मी बादली आणि झाडू आणला, आणि मग मला वाटलं, सगळी धुतली तर ही वर कशासाठी जाईल? मी चाचरतच म्हटलं, "मी फक्त खालून धुऊ का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग दोर सैल सोडला.

मी घोडीच्या नाकाखालच्या दोन खाचा धुतल्या. घोडीने ओलं रबर हुंगलं, तिला त्यात काही सापडलं नाही, आणि ती एक पाऊल पुढे सरकून कोरड्या खाचा चाटायला लागली. मी त्या धुतल्या. ती आणखी पुढे गेली. असं आम्ही दोघी ओळीओळीने वर गेलो, ती पुढे, मी बाजूने वाकून झाडू घेऊन. काकूंनी साडी फळी ओलांडून पार आतपर्यंत ताणून घातली होती. शेवटची पापडी मधल्या भिंतीशी असावी. तिथवर पोचेपर्यंत घोडी पूर्ण आत होती. दंतवैद्य बाईंनी मागची दांडी लावली. घोडीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्यात राग होता असं मला वाटतं.

ट्रेलर गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि बाईंना सगळं सांगितलं. तुमचा नियम मोडला, घोडा नसलेल्यांना दिला, शून्य लिहिलं आणि तुम्ही विचाराल म्हणून वाट बघितली. मी हे उभं राहूनच सांगितलं.

"शून्य मी वाचलं होतं," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, ते घोडा विकत घ्यायला चाललेत. जाताना शून्य, येताना एक. चार दिवस मी विचार करत होते, कुठल्या जातीचा घेतील. त्या वयस्कर बाईंनी रॅम्प इतका नीट बघितला, मला वाटलं, यांना कळतं."

"आणि मला घोड्यांतलं काही येत नाही," मी म्हटलं. सांगायचंच तर सगळं एकदम सांगावं.

"ते मला आज खिडकीतून दिसलं. झाडू तू उलटा धरला होतास. पण खालून धुवायचं माझ्या डोक्यात आलं नसतं."

रविवारी संध्याकाळी दंतवैद्य बाई ट्रेलर परत करून, फॉर्म टपालपेटीत टाकून गेल्या. मी तो उघडला नाही, बाईंच्या समोर ठेवला. त्यांनी शेवटचं पान काढलं. तक्रारींचा रकाना भरलेला होता. लहान रकान्यात मावेना म्हणून अक्षर बारीक काढलं होतं.

'परत येताना घोडी चढेना. पन्नास मिनिटं लागली. रॅम्प फार स्वच्छ होता.'

आम्ही दोघी त्या ओळीकडे बघत बसलो. काहीही म्हटलं तरी ती तक्रारींच्या रकान्यात लिहिलेली होती. मला फॉर्म कळतात. मी म्हटलं, "ही तक्रार आहे."

"हो," बाई म्हणाल्या. त्यांनी म्युनिकला फोन लावला, स्पीकरवर. कबूल केलेलं त्या मोडत नाहीत. त्यांनी मुलीला ती ओळ शब्दशः वाचून दाखवली, आणि मग काहीच बोलल्या नाहीत. या वेळी मीही गप्प बसले. जमलं मला.

"एक मिनिट, आई," मुलगी म्हणाली. "स्वच्छ होता अशी तक्रार आहे?"

"फार स्वच्छ."

"मग आता तुमचं काय ठरलंय? घाण ठेवणार?"

"खारट ठेवणार," बाई म्हणाल्या. मग त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, साडी, पापड्या, काचेखालच्या मिरच्या, आणि दंतवैद्य बाई उन्हात पापड्या धरून उभ्या होत्या ते. मुलीला हसू आवरेना. हसता हसता ती म्हणाली की ही तक्रार ती धरत नाही, पण पुढची धरेल. विकायचं बोलणं त्या उन्हाळ्यात पुन्हा निघालं नाही.

प्रोटोकोल आता सव्वाचार पानांचा झाला आहे. रॅम्पच्या खाली मी एक प्रश्न वाढवला आहे: 'रॅम्पवर खाद्यपदार्थ वाळवले होते का? हो / नाही.' गिऱ्हाइकं तो वाचतात, एकदा ट्रेलरकडे बघतात, आणि गंभीरपणे 'नाही'वर खूण करतात. का विचारता, असं आजवर एकानेही विचारलेलं नाही.

काकू पुण्याला परत गेल्या. पापड्या मी बाईंना तळून दिल्या. त्यांना त्या इतक्या आवडल्या की शेवटच्या चार त्यांनी घोड्याच्या फोटोशेजारच्या डब्यात जपून ठेवल्यात. नवीन वर्षाचं कॅलेंडर त्यांनी आत्ताच स्वयंपाकघरात लावलंय. त्यात भाड्याच्या तारखा त्या स्वतः लिहितात, प्रत्येकीपुढे घोडे किती ते. काल चहा घेताना माझं लक्ष गेलं. जूनमधले चार दिवस पेन्सिलने चौकोन करून राखून ठेवलेत. आत काही नाव नाही. नुसतं '०' लिहिलंय, चांगलं गोल.